दोन ते साडेतीन

जिवली मेंगाळला बारावीच्या इंग्रजीत बावीस मार्क पडले, तेव्हा तळेपाड्यात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. अडतीस वर्षांच्या बाईनं, तेही चूल, पाणी, सासू आणि अंगणवाडी सांभाळून, इंग्रजीत बावीस आणले म्हणजे बरेच आणले, असं पाड्याचं मत पडलं. बोर्डाचं मत वेगळं होतं. बोर्डाला पस्तीस हवे होते.

सतरा नंबरचा फॉर्म भरून ती गेल्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसली होती. पाच विषय एका झटक्यात सुटले, एकटं इंग्रजी मागे राहिलं, आणि त्या एकट्या विषयावर नोकरी अडली होती.

जिवली तळेपाड्याच्या अंगणवाडीत अकरा वर्षं मदतनीस. शहापूर तालुक्याच्या डोंगराकडच्या अंगाला असलेला हा चाळीस-बेचाळीस घरांचा ठाकर आदिवासींचा पाडा. नावातलं तळं कुठे होतं ते जुन्या माणसांनाही सांगता येत नाही. अंगणवाडीची सेविका सकुबाई ऑगस्टअखेर निवृत्त होणार होती. मदतनीस बारावी पास असेल तर सेविकेची रिकामी झालेली जागा तिला देता येते. नसेल तर जाहिरात निघते, आणि जाहिरात निघाली की खालच्या गावातली कुणीतरी बीए झालेली सून अर्ज करते. सकुबाईनं हे सगळं तिला एकाच वाक्यात सांगून ठेवलं होतं: "जूनच्या परीक्षेत निघालीस तं खुर्ची तुजी, नायतर तू तांदूळच निवड."

परीक्षा जूनच्या अखेरीस होती आणि बोलणं चाललं होतं मार्चमध्ये. म्हणजे तीन-साडेतीन महिने होते, आणि जिवलीला त्यातला रोजचा एक तास हवा होता. त्याहून जास्त तिनं कुणाकडे मागितलं नव्हतं. मुळात मागायचं कुणाकडे, हेही तिला ठाऊक नव्हतं.

अशा वेळी शहापूरला प्रशिक्षण निघालं. विषय होता वेळेचं नियोजन. एका संस्थेनं सेविका आणि मदतनिसांसाठी ते ठेवलं होतं, एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा अजून खांबांना लटकत होत्या आणि व्यासपीठावर नवरानवरीच्या लाल खुर्च्या तशाच होत्या. त्यांतल्या एका खुर्चीत लॅपटॉप ठेवून प्रज्वल सर बोलत होते. सर तरुण होते, सगळ्यांना ताई म्हणत होते आणि मनापासून बोलत होते. शेवटची गोष्ट पुढे फार महाग पडली.

सरांनी टेबलावर काचेची मोठी बरणी ठेवली. तिच्यात आधी मोठे दगड भरले आणि विचारलं, "बरणी भरली का?" बायका म्हणाल्या, "भरली." मग सरांनी खडी ओतली, वाळू ओतली, आणि शेवटी सीलबंद बाटली फोडून तिच्यातलं लिटरभर पाणी त्या वाळूत ओतलं. सभागृहातून एक उसासा निघाला. सरांना वाटलं मुद्दा पोचला.

"सर," शेजारच्या गावची मदतनीस कमळ मागून म्हणाली, "ते पानी आता काय करनार?"

"ते महत्त्वाचं नाही, ताई," सर म्हणाले.

पुढची पाच मिनिटं बायकांनी कशाकडेच लक्ष दिलं नाही. तळेपाड्याला आणि आजूबाजूच्या पाड्यांना फेब्रुवारी सरला की टँकर लागतो. पाड्याच्या टेकाडावर उभं राहिलं की भातसा धरणाचं पाणी चकचकताना दिसतं, पण ते मुंबईला जातं. पाणी उताराकडे जातं आणि पाडा वर आहे, त्यामुळे यात कुणाचा दोष काढता येत नाही.

प्रश्नोत्तरात जिवलीनं हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदाच केला असावा. "सर, तुमी आधी दगड टाकला, पानी शेवटी. आमची बरनी पयलीच पान्यानं भरलेली असते. दगड टाकला का पानी बाहेर. मंग दगड कवा टाकायचा?"

"छान प्रश्न," सर म्हणाले, आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं.

चित्र डायरीचं होतं. तशीच एकेक डायरी प्रत्येकीला मिळाली. तीस पानं, एका पानावर एक दिवस, पहाटे साडेचारपासून रात्री दहापर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटी. प्रत्येक चौकटीपुढे तीन घरं: महत्त्वाचं, तातडीचं, टाळता येण्याजोगं. एप्रिलचा महिना भरायचा आणि मेमध्ये आणून द्यायचा. "खरं लिहा," सर म्हणाले. "तुमचा वेळ कुठे गळतो ते तुमचं तुम्हालाच दिसेल."

बाकीच्या बायकांनी डायरी पिशवीत टाकली. जिवलीनं ती घरी येईपर्यंत हातात धरली होती. वेळ गळतो हे तिला पटलं होतं. फक्त भोक कुठे आहे ते हवं होतं.

पहिल्या दिवशी दिवेलागणीला ती उंबऱ्यात बसून लिहायला लागली, तेव्हा सासू तानी भिंतीला टेकून बसली होती.

"काय लिवतेस गो?"

"माजा टाइम."

"तुला कुठला आलाय टाइम?"

"तेच बघते आये."

"मंग माजा पन लिव," तानी म्हणाली. "सकाळी उठली. बसली. अजून बसलेलीच हाय."

नवरा जगन, मुंबईच्या एका शेटच्या खालच्या गावातल्या बंगल्यावर वॉचमन. शेट वर्षातून चार वेळा येतो. बाकी दिवस बंगला तिथे असतो आणि जगनही तिथे असतो. पौषात म्हसा गावच्या जत्रेला मात्र तो सुट्टी टाकून तीन दिवस जातो. बैल घेत नाही, नुसते बघतो. डायरी उलटसुलट करून त्यानं विचारलं, "मला दिली असती तं मी काय भरला असता? आठ ते आठ, होतो."

"आनि म्हसा?" जिवलीनं विचारलं. "तीन दिवस बैलं बघत्यात ते? महत्त्वाचं का टाळता येन्याजोगं?"

"ते तातडीचं," जगन म्हणाला. "जत्रा काय थांबते का?"

जिवली भरत राहिली. जे घडलं तेच लिहीत राहिली, कारण लिहिण्याची दुसरी पद्धत तिला माहीत नव्हती. अंगणवाडीत महिन्याला पोरांची वजनं होतात. काटा जिवली धरते, आकडा सकुबाई लिहिते. तिच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पोराचं वजन इतकं कमी भरलं की जिवलीच म्हणाली, "बाय, थोडं वाढवून लिवा, उगा वरून बोलनी बसतील." तेव्हा सकुबाईनं तिला पोरांसमोर झापलं होतं. वजन वाढवून लिहिलं की पोराला वरचा आहार मिळत नाही, दवाखान्याची गाडी येत नाही आणि पोर जातं. वहीत खोटं लिहायचं नाही. तेव्हापासून सरकारी वही म्हटली की जिवलीच्या हातून काट्यावरचाच आकडा उतरायचा. डायरीही तिला वहीच वाटली.

आठ दिवसांत भोक सापडलं. चौकटींमधून एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता: थांबले. टँकरला थांबले. एसटीला थांबले. ॲपवर पोराचा फोटो चढेना म्हणून नेटवर्कला थांबले. मॅडम येणार म्हणून थांबले, मॅडम आल्या नाहीत म्हणून आणखी थांबले. आणि सगळ्यांत लांब थांबणं रोज एकाच जागी होतं: दुपारी दोन ते साडेतीन, विहिरीवर.

टँकर एक दिवसाआड येतो असं कागदावर आहे. कोणत्या दिवसाआड, ते कागदावर नाही. येतो दोन ते साडेतीनच्या मध्ये कधीतरी, विहिरीत पाणी ओततो आणि जातो. मग वीस मिनिटांत विहीर पुन्हा कोरडी. म्हणून दीडपासून बायका हंडे रांगेत मांडतात. हंडा मांडला की नंबर लागला. मग बाई सावलीत बसली तरी चालतं. पण लांब गेलेली चालत नाही. टँकरचा हॉर्न वाजला आणि बाई हंड्यापाशी नसली, तर मागचीनं तो पायानं बाजूला सारायचा, हा पाड्याचा कायदा आहे, आणि तो सगळ्यांना मान्य आहे.

म्हणजे हंडा उभा असतो आणि बाई मोकळी असते. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर होतं. डायरीत लिहिलं तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी जिवली हंड्यात इंग्रजीचं गाइड घालून विहिरीवर गेली.

"ए बघा गो," रुपा ओरडली. रुपा शेजारच्याच घरातली. तिच्या तोंडाला पाड्यात कुणी लागत नाही. "हिच्या हंड्यात पुस्तक निघाला. माज्यात बेडूक तरी निघायचा."

"तुजा काय जातो? वाचते तं वाचू दे," एक म्हातारी म्हणाली.

"वाच बाय वाच. कलेक्टर झालीस का पयला टँकर वेळेवर सोड."

पहिले चार दिवस त्यांनी तिला छळलं. पाचव्या दिवशी त्यांना कंटाळा आला आणि त्या ऐकायला लागल्या. जिवली मोठ्यानं वाचायची. मनातल्या मनात वाचलेलं इंग्रजी तिला आपलं वाटत नसे. अर्जाचा नमुना तर सगळ्यांनाच पाठ झाला. "रिस्पेक्टेड सर, आय बेग टु स्टेट," असं जिवलीनं म्हटलं की रुपा मागून म्हणायची, "दॅट." एकदा तिनं अर्थ विचारला.

"साहेब, मी भीक मागून सांगते का," जिवलीनं गाइडातला अर्थ सांगितला.

रुपानं आपला हंडा सरळ केला. मग म्हणाली, "हे तं आपल्याला येतच होतं."

एप्रिलभर हे चाललं. टँकर उशिरा आला की बायका ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडायच्या आणि जिवलीला मनातून बरं वाटायचं. हे पाप आहे असं तिला वाटे. म्हणून टँकर आला की ती दुसऱ्याही बायांना दोन-दोन हंडे ओढून द्यायची. महिन्याअखेर पाड्याच्या शाळेतल्या गुरुजींनी तिच्याकडून जुनी प्रश्नपत्रिका सोडवून घेतली आणि तपासली. एक्केचाळीस.

"निघालात की हो," गुरुजी म्हणाले.

त्या दिवशी तिनं डायरीत दोन ते साडेतीनच्या तिन्ही चौकटींत इंग्रजी अभ्यास असं लिहिलं, आणि पुढच्या तीन घरांत कुठे खूण करायची याचा पहिल्यांदाच विचार करावा लागला नाही. महत्त्वाचं.

मेच्या पहिल्या आठवड्यात डायऱ्या द्यायच्या होत्या. शहापूरच्या एसटीत कमळ तिच्या शेजारी बसली आणि मांडीवर डायरी घेऊन झपाझप लिहायला लागली. तिच्याकडे दोन पेनं होती. चार पानं निळ्यानं, तीन पानं काळ्यानं.

"सगळा महिना आता भरतेस?"

"मंग काय रोज भरायचा? खूळ लागलाय का मला?" कमळ म्हणाली. "तू काय लिवलास बघू." तिनं जिवलीची डायरी ओढून घेतली, एक पान वाचलं, दुसरं वाचलं. "जिवले, हे काय गो? थांबले, थांबले, थांबले. आनि हे अभ्यास? असं लिवत्यात का? गृहभेट लिव. दोन ते साडेतीन गृहभेट. बघ, मी लिवलाय."

"मी घरोघरी गेलेच नाय त्या टायमाला."

"मी तरी कुठं गेले?"

एसटी आटगावच्या फाट्यापुढे आली तेव्हा कमळनं शेवटचा प्रयत्न केला. "खोडरबर हाय माज्याकडं."

"पेनानं लिवलाय," जिवली म्हणाली.

प्रज्वल सरांनी डायऱ्या चाळल्या. साठ-पासष्ट बायकांचा महिना गृहभेटींत आणि वजनांत ठासून भरलेला होता; इतक्या गृहभेटी, की तितकी तालुक्यात घरंही नसतील. जिवलीच्या डायरीशी सर थांबले. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि खरंच हलले. "ताईंनो, याला म्हणतात प्रामाणिक नोंद," ते म्हणाले. त्यांनी तिला पुढे बोलावलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि डायरीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले. अहवालात घालणार होते. जिवली त्या लाल खुर्च्यांसमोर घामाघूम होऊन उभी राहिली. अकरा वर्षांत तिच्यासाठी टाळ्या वाजायची ही पहिलीच वेळ. कमळ टाळ्या वाजवत नव्हती, तिच्याकडे बघत होती.

अहवाल वर गेला. वर म्हणजे नेमका कुठे, ते जिवलीला शेवटपर्यंत कळलं नाही. पंधरा दिवसांनी तिथून कागद खाली आला, सकुबाईच्या मोबाइलवर. सकुबाईनं तो आधी मनात वाचला, मग चष्मा पुसला, मग मोठ्यानं वाचला. वेळेच्या विश्लेषणातून उपलब्ध आढळलेल्या मनुष्यबळाचा सुयोग्य वापर करण्याच्या दृष्टीने, तळेपाडा येथील मदतनीस यांनी पुढील आदेशापर्यंत दुपारी दीड ते चार या वेळेत खोरीपाडा येथील अंगणवाडीत काम पाहावे.

"खोरीपाड्याची मदतनीस जाऊन वरीस झालं," सकुबाई म्हणाली. "आनि तिथली अंगनवाडी शाळेच्या खोलीत. सकाळी शाळा, म्हनून पोरं दुपारची."

"अजून कोनाकोनाची नावं हायत?"

सकुबाईनं कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा सरकवला. "तुजं एकटीचंच हाय गो."

सुपरवायझर शेलार मॅडम आठवड्यानं स्कूटीवरून आल्या. मॅडम वाईट नव्हत्या. सत्तावीस अंगणवाड्या त्यांच्याकडे होत्या आणि वाईट व्हायलाही थोडी सवड लागते. त्यांनी जिवलीला बाजूला घेतलं.

"जिवलीताई, अशी भरतात का डायरी?"

"मंग कशी भरत्यात, मॅडम?"

"कशी म्हणजे..." मॅडम अडल्या. "भरतात."

"सर बोलले खरं लिवा."

"सर सगळ्यांनाच सांगतात हो."

"वजन आपन खरंच लिवतो ना?"

मॅडम पर्समधून पाण्याची बाटली काढून दोन घोट प्यायल्या. "माझी डायरी माझ्या नवऱ्यानं भरली," त्या शेवटी म्हणाल्या. "क्रिकेट बघता बघता. आणि तुमची अहवालात गेली. आता वरच्यांना असं दिसतं की या बाईकडे रोज दीड तास आहे. त्यांनी तो दिला कामाला."

"तो माजा परीक्षेचा होता."

"ते लिहिलंय तुम्ही. म्हणून तर सापडला." मॅडमनी हेल्मेट हातात घेतलं. "अर्ज द्या. मी वर पाठवते."

जिवलीनं अर्ज दिला. मॅडमनी तो पिशवीत ठेवला, जिथे आधीच पुष्कळ अर्ज होते.

खोरीपाडा डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, चालत चाळीस मिनिटं. एक वाजता इथली भांडी घासून जिवली निघायची, घाईघाईत दीडला पोचायची, एकतीस पोरांची खिचडी करायची, भरवायची, घासायची, झाडायची, आणि पावणेपाचला परत. मधल्या वेळात टँकर येऊन गेलेला असे. हंड्यापाशी तिच्या जागी तानी बसायची. कायद्यानं नंबर धरला जायचा, पण सत्तरीच्या म्हातारीला विहिरीतून ओढणं जमायचं नाही. रुपा शिव्या देत देत स्वतःच्या आधी तिचे दोन हंडे भरून द्यायची. उरलेल्या पाण्यासाठी जिवली संध्याकाळी खालच्या ओहोळातल्या झऱ्यावर जाऊन वाटीवाटीनं भरायची. म्हणजे एका दीड तासापायी तिचे चार तास गेले होते. डायरी असती तर बेरीज करता आली असती, पण डायरी अहवालाला जोडलेली होती.

तिनं प्रयत्न सोडला नाही. पहाटे चारला उठून गाइड उघडलं. साडेचारला जगननं तिला उठवलं तेव्हा गाल पानावर होता. डोंगर चढताना वाचून पाहिलं, तर ठेचकाळून अंगठ्याचं नख गेलं. मग वाटेनं नुसतं पाठ म्हणायला लागली. पाठ होतं ते पक्कं होत गेलं. पाठ नव्हतं ते तसंच राहिलं. नवीन उतारा वाचायला बसावं लागतं, आणि बसणं आता तिच्या दिवसात कुठेच नव्हतं.

"नाय जायचं खोरीपाड्याला," जगन एकदा म्हणाला. "काय करतील?"

"काढून टाकतील."

"आनि गेलीस तं?"

"तं सेविका नाय होनार."

जगननं यावर बराच वेळ विचार केला. "दोन्हीकडून सारखंच हाय मंग," तो म्हणाला आणि बंगल्यावर गेला.

जूनच्या सुरुवातीला प्रज्वल सर खोरीपाड्याला आले. सोबत कॅमेरेवाला होता. संस्थेला यशोगाथा हव्या होत्या आणि जिवली यशोगाथा होती. चुलीपाशी उभं राहून, पोरांना वाढताना, मग नुसतंच लांब डोंगराकडे बघताना असे तिचे फोटो झाले. त्यात दोन तास गेले. शेवटी सर म्हणाले, "ताई, तुम्ही तुमचा वाया जाणारा वेळ कसा शोधलात, ते तुमच्या शब्दांत सांगा."

जिवलीनं सांगितलं. मग कॅमेरा बंद झाल्यावर विचारलं, "सर, तो मला परत मिळंल का? परीक्षेपुरता. वीसच दिवस राहिलेत."

सरांना हे नवीन होतं. त्यांचा चेहरा उतरला. माणूस मनापासूनचा होता. "ते आमच्या हातात नाही हो ताई. पोस्टिंग त्यांचं असतं." ते थोडा वेळ बरणीसारखा एखादा दाखला शोधत राहिले. "असं करा, दुसरा शोधा. एकदा जमलंय तर परत जमेल. मी तुम्हाला अजून एक डायरी पाठवतो."

डायरी खरंच आली. जिवलीनं ती न उघडता शेजारच्या पोरीला चित्रं काढायला दिली.

पंधरा जूनच्या सुमाराला टँकर बंद झाला आणि भाताच्या रोपांसाठी राबात पेरणी सुरू झाली. पाणी आभाळातून यायला लागलं तेव्हा विहिरीवरची दुपार सगळ्या बायकांना सुटली. त्या दुपारी जिवली खोरीपाड्याला होती.

इंग्रजीचा पेपर शहापूरला, अकरा वाजता. त्या दिवसाची सुट्टी सकुबाईनं स्वतःच्या जबाबदारीवर दिली. खोरीपाड्याला त्या दिवशी कुणीच गेलं नाही, आणि त्याची कुणी नोंदही घेतली नाही.

जिवली साडेनऊलाच केंद्रावर पोचली. वर्गात डोक्यावर पंखा होता. बाकावर तिच्या नंबराची चिठ्ठी चिकटवलेली होती. आजूबाजूला अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, नापास झालेली, निवांत. पर्यवेक्षक बाईंनी आधी तिला पालक समजून बाहेर थांबायला सांगितलं, मग हॉलतिकीट बघून माफी मागितली.

पेपर हातात आला. अर्ज होता, तिनं लिहिला, एका दमात, रुपाच्या 'दॅट'सकट. व्याकरणातलं येत होतं तेवढं लिहिलं. मग उतारे आले. तिनं पहिला उतारा वाचला. शब्द ओळखीचे होते. बाजारात तोंडओळखीची माणसं दिसतात तसे. वाक्यं मात्र तिच्याशी बोलेनात. पुन्हा वाचला. प्रश्नांतले शब्द उताऱ्यात जिथे दिसले, तिथली ओळ उचलून खाली लिहिली. दुसऱ्या उताऱ्यालाही तेच केलं. निबंधाला चार वाक्यं लिहून झाली आणि पाचवं आलं नाही.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक तास दहा मिनिटं झाली होती.

शिपाईमामा कळशी आणि पेला घेऊन बाकांमधून फिरत होते. तिच्यापाशी येऊन म्हणाले, "पाणी?" तिला पहिल्यांदा कळलंच नाही की आपल्याला विचारतायत. मग तिनं पेला घेतला. बसल्या जागी, न ओढलेलं, न आणलेलं पाणी ती सावकाश प्यायली.

एकेक करून पोरं पेपर देऊन जायला लागली. "तुमचं झालं असेल तर तुम्हीही जाऊ शकता," बाई हळूच म्हणाल्या.

"असू द्या," जिवली म्हणाली. "माजा टाइम हाय अजून."

तिच्याकडे जवळजवळ दोन तास होते. सलग. कुणाचा हॉर्न वाजणार नव्हता, कुणी हाक मारणार नव्हतं, चुलीवर काही नव्हतं. एप्रिलपासून जून संपेपर्यंत ती ज्याच्या मागे धावली, ते इथे पंख्याखाली तिच्यासमोर पडलेलं होतं, आणि त्यात भरायला तिच्याकडे काही नव्हतं. गाइड बाहेर पायरीवर पिशवीत होतं. तिनं निबंधाची चार वाक्यं पुन्हा सुवाच्य अक्षरात काढली. उत्तरांखाली पट्टीनं रेघा मारल्या. मग हात बाकावर ठेवून घंटा होईपर्यंत बसून राहिली.

जुलैअखेर निकाल लागला. एकतीस.

"नऊ वाढले की," जगन म्हणाला.

"चार कमी पडले," जिवली म्हणाली.

ऑगस्टात जाहिरात निघाली, अर्ज आले, यादी लागली. खालच्या गावची कुणाली, बीए, दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. एकतीस ऑगस्टला सकुबाईचा निरोप झाला. नारळ, साडी आणि शेलार मॅडमचं भाषण. जिवलीनं तीस माणसांचा स्वयंपाक केला, म्हणून भाषण तिला मागच्या पडवीतून ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कुणाली चार्ज घ्यायला आली. पोरगी गुणी होती. यादीतली प्रत्येक वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय टिक करत नव्हती. सकुबाई वाचायची, जिवली वस्तू काढून समोर ठेवायची, कारण कुठे काय आहे ते तिलाच ठाऊक होतं. वजनकाटा एक. पातेली मोठी दोन. ताटल्या बत्तीस, पैकी तीन पोचे आलेल्या. सतरंजी एक, उंदरानं कुरतडलेली. मग वस्तू संपल्या आणि माणसं लागली. बालकं एकोणतीस. गरोदर माता तीन. स्तनदा माता चार.

"मदतनीस एक," सकुबाईनं वाचलं.

कुणालीचं पेन थांबलं. तिनं वर बघितलं. "तुम्हीच ना?"

"मीच," जिवली म्हणाली, आणि कुणालीनं टिक केली.